नाताळातला विंडसर किल्ला: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

लंडनमधला पहिला डिसेंबर आला की नव्याने आलेल्या मराठी मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो: नाताळची सजावट बघायला कुठे जायचं? मुलाकडे किंवा मुलीकडे चार महिन्यांसाठी आलेले आईवडील असतील तर हा प्रश्न जरा जास्तच निकडीचा होतो, कारण बाहेर थंडी, दुपारी चारला अंधार आणि घरात बसून दिवस जाता जात नाही. ऑक्सफर्ड स्ट्रीटचे दिवे एका संध्याकाळी बघून होतात. मी सगळ्यांना विंडसरला जायला सांगते.

याचं कारण नुसती सजावट नाही. इंग्लंडच्या घराघरांत आज जे नाताळचं झाड उभं राहतं, त्या प्रथेचा मोठा वाटा या गावातून बाहेर पडला. तिसऱ्या जॉर्जची जर्मन राणी शार्लट हिने १८०० च्या नाताळात विंडसरला मुलांसाठी एक यू वृक्ष सजवून उभा केला होता. पुढे व्हिक्टोरिया राणीचा नवरा आल्बर्ट, तोही जर्मनच, याने ही हौस किल्ल्यात चांगलीच रुजवली. १८४८ मध्ये एका सचित्र साप्ताहिकात राजघराण्याचं चित्र छापून आलं: मेणबत्त्या लावलेलं झाड आणि भोवती राणी, आल्बर्ट आणि मुलं. ते चित्र लोकांनी पाहिलं आणि मध्यमवर्गीय घरांत झाडं येऊ लागली. तेव्हा विंडसरच्या किल्ल्यातलं झाड बघताना आपण मागाहून लावलेली शोभा बघत नसतो, त्या घराचीच एक जुनी रीत बघत असतो. दिवसाची आखणी करताना एवढं मनात असलं की कुठे थांबायचं आणि कुठून पुढे सरकायचं हे आपोआप कळतं.

आधी वार बघा, मग तारीख

सजावट साधारण नोव्हेंबरच्या अखेरीला लागते आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात उतरते. नेमक्या तारखा दरवर्षी थोड्या हलतात, त्या किल्ल्याच्या अधिकृत संकेतस्थळावर बघाव्यात.

किल्ला मंगळवारी आणि बुधवारी बंद असतो. २५ आणि २६ डिसेंबरलाही बंद असतो. रविवारी किल्ला उघडा असला तरी आतलं सेंट जॉर्जेस चॅपल फक्त प्रार्थनेला येणाऱ्यांसाठी असतं, पर्यटकांना ते त्या दिवशी बघता येत नाही. म्हणजे सगळं एका फेरीत बघायचं तर उरले सोमवार, गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार. शनिवारी गर्दी फार. माझा कौल गुरुवारला किंवा सोमवारला, आणि तोही डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, इंग्लंडच्या शाळांना सुट्ट्या लागायच्या आधी. शाळकरी मुलं बरोबर असतील तर हा हिशेब जमणार नाही, मग निदान सकाळचं पहिलं तिकीट घ्या.

हिवाळ्यात किल्ला सकाळी १० ला उघडतो आणि सव्वाचारला बंद होतो. शेवटचा प्रवेश दुपारी ३ ला. उन्हाळ्यात येऊन गेलेले नातेवाईक सांगतात तसं ‘जेवून निघू’ म्हणाल तर हाती फार थोडा वेळ राहील. नीट बघायला किमान तीन तास धरा.

राजाचं हे आजही वापरातलं घर आहे, त्यामुळे सरकारी समारंभासाठी काही दालनं किंवा पूर्ण किल्ला ऐनवेळी बंद ठेवला जातो. निघण्याच्या आदल्या रात्री संकेतस्थळ एकदा उघडून बघा.

तिकीट

तिकीट आगाऊ आणि ऑनलाइन घ्या. दारावर घेतलं तर महाग पडतं, आणि डिसेंबरातल्या शनिवारी ते मिळेलच असं नाही. मोठ्या माणसाचं तिकीट तीस पाउंडांच्या वर जातं, म्हणजे चौघांच्या कुटुंबाला ही स्वस्त सहल नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. १८ ते २४ वयाच्या तरुणांना सवलत असते, ओळखपत्र जवळ ठेवा. अपंग व्यक्तीबरोबर येणाऱ्या मदतनीसाला मोफत प्रवेश मिळतो, पण तसं तिकीट घेतानाच सांगावं लागतं.

तिकीट थेट किल्ल्याच्या संकेतस्थळावरून घेतलं असेल तर त्याचं वर्षभर चालणाऱ्या पासात रूपांतर करता येतं. त्याच्या अटी तिकिटाबरोबर येतात, त्या वाचा. इथे राहणाऱ्यांना याचा मोठा फायदा आहे: डिसेंबरात सजावट बघायची आणि मे महिन्यात आईवडील भारतातून आले की त्याच पासावर परत जायचं. मधल्या एखाद्या दलालाच्या संकेतस्थळावरून चार पैसे वाचवून घेतलेल्या तिकिटावर ही सोय सहसा मिळत नाही.

तिकिटावर वेळ छापलेली असते. ती प्रवेशाची वेळ आहे. आत किती वेळ थांबायचं यावर बंधन नसतं.

लंडनहून पोचायचं कसं

दोन रस्ते आहेत. पॅडिंग्टनहून स्लाउ, आणि तिथे गाडी बदलून विंडसर अँड ईटन सेंट्रल. स्लाउपर्यंत एलिझाबेथ लाइनही जाते, पण ती सगळीकडे थांबत जाते. पॅडिंग्टनहून जलद गाडी मिळाली तर निम्म्या वेळात पोचाल. स्लाउहून विंडसरला जाणारी छोटी गाडी सहा मिनिटांत सोडते. ती वळणावर येते तेव्हा डाव्या-उजव्या दोन्ही खिडक्यांकडे लक्ष ठेवा, थेम्सच्या पलीकडे टेकडीवर किल्ला एकदम समोर येतो.

दुसरा रस्ता वॉटर्लू स्थानकावरून विंडसर अँड ईटन रिव्हरसाइडला थेट गाडीचा. साधारण तासभर लागतो, बदलायची भानगड नाही. ज्येष्ठ मंडळी आणि बाबागाडी बरोबर असेल तर मी हाच सुचवेन, फक्त रिव्हरसाइडहून किल्ल्याच्या दारापर्यंत चढ आहे. सेंट्रल स्थानकातून बाहेर पडलं की मात्र किल्ला रस्त्याच्या पलीकडेच.

लंडनच्या गाड्या-बसेसना चालणाऱ्या ऑयस्टर कार्डावर विसंबू नका. कार्ड टेकवून जाता येईल की कागदी तिकीट लागेल हे तुमच्या मार्गावर अवलंबून आहे, स्थानकावर विचारून घ्या.

स्लाउ, हेज, हाउन्स्लो भागात मराठी कुटुंबं बरीच आहेत. त्यांना हा किल्ला अगदी अंगणात आहे. गाडी घेऊन जाणार असाल तर डिसेंबरातल्या शनिवार-रविवारी गावातले वाहनतळ लवकर भरतात, हे धरून निघा.

अंगावर काय, पिशवीत काय

किल्ला टेकडीवर आहे आणि दारावर विमानतळासारखी तपासणी होते. रांग उघड्यावर असते. थंडी आत जितकी लागत नाही तितकी त्या रांगेत लागते. कानटोपी, हातमोजे, जाड मोजे आणि पावसाचं जाकीट हवंच. छत्रीपेक्षा टोपीचं जाकीट बरं, कारण वर वारा असतो. साडी नेसणार असाल तर आत थर्मल आणि पायात बूट. आवारातले रस्ते चढाचे आहेत, काही ठिकाणी दगडी फरसबंदी आहे आणि ओली झाली की ती निसरडी होते. दालनं मात्र उबदार असतात, म्हणून वरचा कोट सहज काढता येईल असा असू द्या.

मोठी बॅग किंवा प्रवासाची सुटकेस घेऊन जाऊ नका. विमानतळावरून परस्पर विंडसर करण्याचा बेत बरेच जण आखतात, तो सामानामुळे बारगळतो. बाबागाडी आवारात चालते, दालनांत शिरताना ती ठेवून द्यावी लागते. तान्हं मूल असेल तर अंगाला बांधायची झोळी घेऊन जा. चाकाची खुर्ची लागणाऱ्यांसाठी लिफ्टची सोय आहे, कर्मचाऱ्यांना सांगितलं की ते वेगळ्या वाटेने नेतात.

फोटो आवारात हवे तितके काढा. दालनांत आणि चॅपलमध्ये फोटोला मनाई आहे. हे आधीच घरच्यांना सांगून ठेवा, म्हणजे झाडासमोर मोबाइल बाहेर काढून हिरमोड व्हायचा नाही. मला स्वतःला हा नियम फार आवडतो. त्या हॉलमध्ये लोक खरोखर मान वर करून बघत असतात.

आत शिरल्यावर

तपासणी झाली की ऐकायचं यंत्र घ्या, ते तिकिटातच येतं. मुलांसाठी वेगळं निवेदन असतं.

चढ चढून गेलात की डाव्या हाताला मातीच्या उंच ढिगावर गोल बुरूज दिसेल. ११व्या शतकात, साधारण १०७० च्या सुमाराला, विल्यम द कॉन्करर याने इथे ढीग रचून लाकडी गढी बांधली. दगडी बांधकाम नंतरच्या राजांचं. बुरुजावरच्या झेंड्याकडे बघा. राजघराण्याचं निशाण फडकत असेल तर राजा किल्ल्यात मुक्कामाला आहे, युनियन जॅक असेल तर नाही. आपल्याकडचे गड बघून आलेल्याला इथे एक गोष्ट चटकन जाणवते: तटाच्या आत चूल पेटलेली आहे. नऊशे वर्षांहून जास्त काळ हे घर नांदतं आहे, आणि नाताळची सजावट पोकळ वाटत नाही त्याचं निम्मं श्रेय याला आहे.

गुरुवारी किंवा शनिवारी गेलात तर ११ वाजता पहारा बदलण्याचा सोहळा असतो. हवामान आणि वेळापत्रक अनुकूल असेल तर बँडसह सैनिक गावाच्या मुख्य रस्त्याने वर येतात. लहान मुलांना हा भाग झाडापेक्षा जास्त आवडतो. पण त्यासाठी थांबलात तर दालनांत शिरेपर्यंत गर्दी वाढलेली असते. मुलं नसतील तर मी सोहळा सोडून सरळ स्टेट अपार्टमेंट्स गाठायला सांगेन, म्हणजे राजाची समारंभाची दालनं. तिथे जाताना क्वीन मेरीच्या बाहुलीघराची वेगळी रांग लागते. १९२१ ते १९२४ या काळात एडविन लट्येन्स यांच्या आराखड्यावर बांधलेलं हे घर बाराव्या हिश्श्याच्या मापात आहे: नळाला पाणी, विजेचे दिवे, आणि ग्रंथालयात त्या काळच्या लेखकांची बोटभर पुस्तकं. हेच लट्येन्स तेव्हा नव्या दिल्लीचं काम करत होते. रांग वीस मिनिटांपेक्षा जास्त दिसली तर दालनं आधी करा.

दालनांतला मार्ग एकाच दिशेने पुढे नेतो आणि त्याचा क्रम वर्षागणिक थोडा बदलतो. त्यामुळे कुठल्या खोलीनंतर कुठली हे सांगण्यापेक्षा कुठे रेंगाळायचं ते सांगते.

जिना आणि त्यावरची खोली

ग्रँड स्टेअरकेसच्या कठड्यांवर हिरव्या पानांच्या माळा आणि दिवे असतात. बहुतेक जण इथे सजावट बघून वर निघून जातात. वरच्या ग्रँड व्हेस्टिब्यूलमध्ये मात्र भारतीय माणसाने घाई करू नये. भिंतीलगतच्या कपाटांत ब्रिटिशांनी लढायांतून आणलेल्या वस्तू आहेत आणि त्यांत टिपू सुलतानाच्या सिंहासनाचं वाघाचं मुंडकं आहे: सोन्याचा पत्रा, स्फटिकाचे डोळे आणि दात. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला, सिंहासनाचे तुकडे झाले आणि त्यातला हा एक इथे आला. ट्रफाल्गरच्या लढाईत ब्रिटिश नौसेनानी नेल्सनचा जीव घेणारी गोळीही याच खोलीत आहे. आजूबाजूला नाताळची गाणी वाजत असतात आणि समोर हे. ज्यांना मुलांना इतिहास समजावून सांगायचा आहे त्यांनी या कपाटासमोर पाच मिनिटं जरूर थांबावं. कोणाचं काय कुठे आलं आणि कसं, हे त्यांना इथे जेवढं स्पष्ट दिसेल तेवढं पुस्तकात दिसणार नाही.

वॉटर्लू चेंबर

नेपोलियनचा पाडाव करणाऱ्या राजांची, सेनापतींची आणि मुत्सद्द्यांची चित्रं लावण्यासाठी चौथ्या जॉर्जने या दालनाचा घाट घातला. चित्रकार थॉमस लॉरेन्स. त्यांतलं ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं चित्र शोधा, कारण या माणसाला आपण वॉटर्लूच्या आधीपासून ओळखतो. टिपूच्या पाडावानंतर श्रीरंगपट्टणचा कारभार बघणारा आर्थर वेलस्ली तो हाच, आणि २३ सप्टेंबर १८०३ रोजी जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी लढला तोही हाच. असईत त्याची माणसं इतकी पडली की म्हातारपणीही, आपण लढलेली सर्वांत चांगली लढाई कुठली असं विचारल्यावर त्याने वॉटर्लूचं नव्हे, असईचं नाव घेतलं. विंडसरच्या भिंतीवर असईचा इतिहास कोणी सांगत नाही. तो आपल्या घरच्यांना आपणच सांगायचा.

या दालनाचा प्रचंड गालिचा आग्र्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी व्हिक्टोरिया राणीसाठी विणलेला आहे, कुठेही जोड नाही. पायाखाली बघायला विसरू नका.

आणि याच दालनाशी नाताळची सगळ्यांत गोड आठवण जोडलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात राजकन्या एलिझाबेथ आणि मार्गारेट यांना लंडनच्या बाँबहल्ल्यांपासून दूर विंडसरला ठेवलं होतं. १९४१ ते १९४४ दर नाताळात या दोघी बहिणींनी गावातल्या मुलांना घेऊन इथे पँटोमाइम बसवली, म्हणजे गाणी-नाच-विनोदाचं परीकथेचं नाटक. पहिल्या वर्षी सिंड्रेला, तिसऱ्या वर्षी अल्लाउद्दीन. लॉरेन्सची चित्रं सुरक्षित ठिकाणी हलवली होती, चौकटी रिकाम्या होत्या. तिथे एका किशोरवयीन मुलाने भिंतीच्या कागदावर परीकथांतली पात्रं रंगवून लावली. युद्धानंतर खरी चित्रं परत आली ती त्या कागदांवरच चढली, आणि आतली पात्रं कित्येक दशकं सेनापतींच्या पाठीमागे तशीच राहिली. मुलं कंटाळली असतील तर ही गोष्ट इथेच सांगा. सगळी मान उंचावून चौकटींच्या मागे बघायला लागतात.

सेंट जॉर्जेस हॉल आणि ते झाड

मुख्य झाड इथे. सुमारे वीस फूट, म्हणजे सहा मीटर उंच, नॉर्डमन फर जातीचं, आणि किल्ल्यालगतच्या विंडसर ग्रेट पार्कमधून आणलेलं. हॉल ५५ मीटरहून लांब आणि रुंदीला फक्त नऊ मीटर, त्यामुळे झाड दुरून दिसायला लागतं आणि आपण चालत चालत त्याच्याकडे जातो. सगळे जण झाडाशी जाऊन घोळका करतात. तुम्ही उलटं करा: हॉलच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीशी उभं राहून संपूर्ण लांबी एका नजरेत घ्या. लाकडी छत, रांगेने उभी असलेली चिलखतं आणि शेवटी दिव्यांनी भरलेलं झाड. हे दृश्य जवळून दिसत नाही.

मग छताकडे बघा. ते जुनं दिसतं, पण त्याचं वय तीस वर्षांच्या आसपास आहे. २० नोव्हेंबर १९९२ रोजी इथल्या खासगी चॅपलमध्ये दिव्याजवळचा पडदा पेटला. आग विझवायला पंधरा तास लागले, शंभराहून जास्त खोल्यांना झळ बसली आणि या हॉलचं छत कोसळलं. सुदैवाने दुरुस्तीच्या कामासाठी बरीच चित्रं आणि सामान आधीच हलवलेलं होतं, उरलेलं नोकरचाकर, सैनिक आणि राजघराण्यातल्या लोकांनी हातोहात बाहेर काढलं. तो आग्र्याचा गालिचाही सैनिकांनी गुंडाळून वाचवला. खर्च भागवण्यासाठी १९९३ पासून उन्हाळ्यात बकिंगहॅम पॅलेस तिकीट लावून लोकांना उघडण्यात आला, ३६.५ दशलक्ष पाउंडांच्या खर्चातला मोठा भाग त्यातून निघाला. बरोबर पाच वर्षांनी, २० नोव्हेंबर १९९७ ला, काम पूर्ण झालं. नव्या छतासाठी ओकचं ओलं लाकूड मध्ययुगीन सुतारांच्या पद्धतीने जोडलं आहे. मला या झाडाचं सौंदर्य या छताखालीच पुरतं कळतं, कारण जळालेलं घर पुन्हा उभं करून तिथे सण साजरा करणाऱ्या माणसांचं हे काम आहे.

छतावर रंगीत ढाली दिसतात त्या गार्टर संघाच्या सरदारांच्या. तिसऱ्या एडवर्डने १३४८ मध्ये हा मानाचा संघ स्थापला. मधे मधे काही ढाली कोऱ्या आहेत: ज्यांचा मान काढून घेतला त्यांच्या. मुलांना कोऱ्या ढाली मोजायला सांगा.

हॉलच्या पुढे लँटर्न लॉबी. आग जिथे सुरू झाली त्या चॅपलच्या जागी ही अष्टकोनी खोली बांधली. आठव्या हेन्रीचं चिलखत इथे आहे. त्याचा पोटाचा घेर बघितला की त्याच्या चित्रांत अतिशयोक्ती नाही याची खात्री पटते.

हिवाळ्यात जाण्याचा आणखी एक लाभ म्हणजे चौथ्या जॉर्जची निमखासगी दालनं. ही एरवी उन्हाळ्यात बंद असतात. क्रिमझन ड्रॉइंग रूममध्ये लाल रेशमी भिंती, सोनेरी छत आणि दुसरं एक झाड असतं. मोठ्या हॉलमधल्या झाडापेक्षा मला हे जास्त आवडतं, कारण हे खोलीतलं झाड आहे, घरातलं. व्हिक्टोरिया-आल्बर्टच्या काळात झाडं टेबलांवर ठेवत, भोवती भेटवस्तू मांडत आणि काही खोल्यांत छतावरची झुंबरं काढून त्यांच्या जागी झाडंच टांगत. भेटी उघडायच्या त्या २४ तारखेच्या संध्याकाळी, जर्मन रिवाजाप्रमाणे. १४ डिसेंबर १८६१ ला आल्बर्ट याच किल्ल्यात वारला, नाताळाच्या ऐन तोंडावर. त्यानंतर व्हिक्टोरियाने आपले नाताळ बहुतेक आइल ऑफ वाइटवरच्या ऑस्बर्न हाउसमध्ये काढले. इथल्या दिव्यांकडे बघताना ही बाजूही ठाऊक असावी.

चॅपल

दालनांतून बाहेर पडल्यावर उतारावर सेंट जॉर्जेस चॅपल. इथे लवकर पोचा, दुपारच्या प्रार्थनेच्या तयारीसाठी ते किल्ल्याच्या आधी बंद होतं. दगडी पंख्यासारखं उलगडणारं छत, गार्टर सरदारांची निशाणं लावलेली लाकडी आसनं, फरशीत आठवा हेन्री, त्याची राणी जेन सीमोर आणि शिरच्छेद झालेला राजा पहिला चार्ल्स यांच्या दफनाची शिळा. बाजूच्या लहानशा चॅपलमध्ये दुसरी एलिझाबेथ, तिचे आईवडील आणि नवरा. इथे बोलणं हळू आणि टोपी काढलेली, एवढं पाळा.

तिकीट परवडत नसेल किंवा सगळ्यांना दालनांत रस नसेल तर एक मोफत मार्ग आहे. इथली संध्याकाळची गायनासह प्रार्थना, इव्हनसाँग, कोणालाही खुली असते. धर्माची अट नाही. बहुतेक दिवशी ती पाचनंतर असते, आत सोडतात ते आठव्या हेन्रीच्या दरवाजातून. ती प्रार्थना आहे, कार्यक्रम नव्हे, त्यामुळे मधे उठून जाऊ नये. शाळेच्या सुट्टीत मुलांचा गायकवृंद नसतो, पण नाताळापर्यंत तो असतो. चॅपलच्या संकेतस्थळावर त्या आठवड्याचं वेळापत्रक बघून जा.

पोटाची व्यवस्था

दालनांत खाता येत नाही. आवारात अंडरक्रॉफ्ट कॅफे आहे, सेंट जॉर्जेस हॉलच्या खालच्या मध्ययुगीन तळघरात. जागा अप्रतिम, चहा गरम, भाव पर्यटनस्थळाचे. थंडीने बोटं आखडली की इथे बसावं. घरचा डबा नेणार असाल तर तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या असलं कोरडं न्या आणि बाहेर आल्यावर नदीकाठच्या अलेक्झांड्रा गार्डन्समध्ये खा. किल्ल्याबाहेर जाऊन परत यायचं असेल तर बाहेर पडताना दारावर तसं सांगून शिक्का किंवा पास घ्या.

शाकाहारी मंडळींसाठी एक महत्त्वाचं. नाताळात सगळीकडे मिन्स पाय मिळतात. नावात मिन्स असलं तरी आत खिमा नसतो, मनुका, बेदाणे आणि मसाले असतात. पण त्या सारणात पारंपरिक पद्धतीने सुएट म्हणजे गोमांसाची चरबी घालतात. आता बहुतेक दुकानांत वनस्पतिजन्य सुएट वापरतात, तरी विचारल्याशिवाय घेऊ नका. नाताळच्या पुडिंगचंही तेच. मल्ड वाइनमध्ये दारू असते. लहानांसाठी आणि न पिणाऱ्यांसाठी सफरचंदाचा गरम रस मिळतो का ते विचारा.

चारनंतर

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य चारच्या आत मावळतो. किल्ला बंद होतो त्याच वेळी बाहेर गावचे दिवे लागलेले असतात, त्यामुळे लगेच स्थानक गाठू नका. व्हिक्टोरियाच्या पुतळ्यापासून पीस्कॉड स्ट्रीटपर्यंत रोषणाई असते, आणि गिल्डहॉलच्या खालचे खांब छताला टेकलेले नाहीत हे मुलांना दाखवता येतं. नदीवरचा पूल ओलांडून ईटनच्या बाजूला गेलात तर किल्ला पूर्ण दिसतो. फोटो काढायचा असेल तर तो इथून. पाय ठीक असतील आणि उजेड असेल तेव्हाच लाँग वॉककडे जा. तो सरळ रस्ता अडीच मैलांहून लांब आहे, अंधारात त्यावर दिवे नाहीत.

परतीच्या गाड्यांची वेळ सकाळीच बघून ठेवा. २५ डिसेंबरला इंग्लंडात गाड्या धावत नाहीत, २६ ला जवळपास नसतातच, आणि नाताळच्या आठवड्यात रेल्वे दुरुस्तीसाठी पॅडिंग्टनसारखी मोठी स्थानकं अधूनमधून बंद ठेवतात. पॅडिंग्टनचा मार्ग बंद असेल तर रिव्हरसाइडहून वॉटर्लूची गाडी धरा. स्लाउची शेवटची गाडी सुटली तर बस मिळते, पण तिला वेळ लागतो. थंडीत ज्येष्ठांना घेऊन थांबायची वेळ येऊ नये म्हणून साडेसहा-सातच्या आत स्थानकावर असा.